अर्नाळ्याचा बुरूज, खांदेरीचा दिवा

वसई-विरारकडच्या माणसाला जवळचं बेट विचारलं, तर तो अर्नाळ्याचं नाव घेईल. सुट्टीच्या दिवशी मुंबईहूनही मंडळी इथे येतात. विरार स्थानकाबाहेरून बस किंवा रिक्षा, मग अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांची होडी, आणि थोड्याच वेळात पाय बेटाच्या वाळूत. ओहोटी असेल, तर शेवटची काही पावलं गुडघाभर पाण्यातून टाकावी लागतात. समोर माडांची रांग, कोळीवाड्यातली घरं, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्यांच्या मागे किल्ल्याचा काळा तट. बेटाच्या दक्षिणेला, किल्ल्यापासून अलग, एक गोल बुरूज एकटाच उभा आहे. तो दिसला, की नव्याने आलेला पाहुणा हटकून विचारतो, "हे दीपगृह का?"

हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. उत्तर "नाही" असंच आहे. हा टेहळणीचा बुरूज आहे. तरीही हा प्रश्न मला फार चांगला वाटतो. समुद्रातल्या बेटावर उंच मनोरा दिसला, की आजच्या माणसाला दिवाच आठवतो. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला असा मनोरा दिसला असता, तर त्याला प्रथम तोफ आठवली असती. या दोन आठवणींच्या मधल्या काळात आपल्या किनाऱ्याचा मोठा इतिहास घडून गेला आहे. त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आधी अर्नाळ्याची जागा समजून घेऊ. वैतरणा नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाशी, किनाऱ्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर हे बेट आहे. उत्तरेला दमण, दक्षिणेला वसई. त्या काळी गलबतं किनाऱ्याच्या नजरेत राहूनच प्रवास करत. त्यामुळे दमणहून वसईकडे निघालेल्या गलबताला अर्नाळ्यासमोरून जावं लागे. शिवाय वैतरणेच्या खाडीतून आत शिरणारी प्रत्येक होडीही इथूनच दिसे. बेट लहान, पण जागा मोक्याची. बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, किल्ल्याच्या आत त्र्यंबकेश्वराच्या देवळाजवळ अष्टकोनी तळं आहे. चारी बाजूंना खारं पाणी असताना मधे गोडं पाणी मिळणं ही दर्यावर्दी माणसासाठी केवढी मोठी गोष्ट, हे वेगळं सांगायला नको.

गुजरातच्या सुलतानांच्या काळात हे बेट त्यांच्या अमलाखाली होतं. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि अर्नाळाही त्यांच्या हाती आला. त्यांनी या बेटाला 'गायींचं बेट' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पोर्तुगिजांची समुद्रावरची सत्ता 'कार्ताझ' नावाच्या परवान्यावर चाले. आपल्या समुद्रात फिरायचं, तर आमचा परवाना घ्या, आमच्या बंदरात जकात भरा, नाही तर गलबत जप्त करू, असा तो रोकडा कायदा होता. असा कायदा राबवायचा, तर समुद्रावर कोण चाललंय हे सतत दिसलं पाहिजे. किनाऱ्यावरच्या बुरुजांचं आणि चौक्यांचं खरं काम ते होतं.

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांची वसई मोहीम सुरू झाली आणि त्याच महिन्यात अर्नाळा मराठ्यांनी घेतला. वसईचा कोट पडायला पुढे दोन वर्षं लागली. चिमाजीअप्पांच्या फौजांनी तो मे १७३९ मध्ये घेतला. पण अर्नाळा आधी घेतला, यात शहाणपण होतं. दमणच्या बाजूने वसईला येणारी रसद आणि कुमक यांच्यावर आता मराठ्यांची नजर राहिली. किल्ल्याच्या मुख्य दरवाजावर मराठी पद्यातला एक शिलालेख आजही आहे. पेशव्यांनी शंकराजींना पाश्चात्त्यांचा पाडाव करून समुद्रात जंजिरा उभारण्याची आज्ञा केली, असा त्याचा आशय. बांधकामाच्या संदर्भात बाजी तुळाजी हे नावही त्यात येतं. दरवाजावर वाघ आणि हत्ती कोरलेले आहेत. देवळात जाणारी माणसं या दरवाजाखालून रोज जातात. मान वर करून पाहणारी थोडी.

पुढे जानेवारी १७८१ मध्ये, वसई घेतल्यानंतर, जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेने अर्नाळा घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परत आला आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या सुमारास कायमचा इंग्रजांकडे गेला. सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. निशाणं बदलली, पण बुरुजाचं काम तेच राहिलं. परक्या गलबताला आधी पाहायचं, आणि आपण पाहतो आहोत याची त्याला जरब बसवायची.

पाहण्याच्या या कामात साधं गणित आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्राच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर दिसतं. तोच माणूस दहा मीटर उंचीवर चढला, तर क्षितिज सुमारे अकरा किलोमीटरवर जातं. पन्नास मीटर उंचीवरून पाहिलं, तर पंचवीस किलोमीटरपर्यंत नजर पोचते. समोरच्या गलबताची डोलकाठी उंच असेल, तर ती याहूनही आधी दिसते. आता हेच गणित उलटं करा. पन्नास मीटर उंचीवर माणसाच्या डोळ्याऐवजी दिवा ठेवला, तर तो समुद्रावर पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या खलाशाला दिसू शकतो. जहाजाच्या उंच डेकवरून तर आणखी दुरून. म्हणजे टेहळणीच्या बुरुजाला आणि दीपगृहाला जागा सारखीच लागते. उंचवटा तोच, बेट तेच. एकात पाहणारा मनोऱ्यावर असतो, दुसऱ्यात तो जहाजावर असतो. एवढाच फरक, पण त्या फरकामागे सगळं राजकारण आलं.

हा फरक एकाच खडकावर पाहायचा असेल, तर अर्नाळा सोडून किनाऱ्याने दक्षिणेला जावं लागेल. मुंबई ओलांडून, अलिबागच्या अलीकडे थळच्या समोर, समुद्रात खांदेरी आणि उंदेरी अशी दोन बेटं आहेत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना केनरी आणि हेनरी म्हटलेलं आढळतं. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांची वाट या बेटांजवळून जाते. हे ओळखून १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला माणसं पाठवली. कामाची जबाबदारी मायनाक भंडारी यांच्यावर होती आणि दौलतखानाचं आरमार मदतीला होतं. मुंबईच्या इंग्रजांनी ताबडतोब जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला.

त्या वेढ्याची हकीगत मोठी वाचनीय आहे. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांनी भराभर पुढे जाणाऱ्या. रात्रीच्या अंधारात या होड्या किनाऱ्यावरून निघत, मोठ्या जहाजांच्या मधून निसटून बेटावर माणसं आणि सामान पोचवत आणि उजाडायच्या आत परत येत. वारा पडला, की इंग्रजांची शिडाची जहाजं जागेवर खिळून राहत. होडीला वल्हं पुरे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दोन्ही आरमारांची उघड लढाई झाली. त्यात मराठ्यांनी 'डव्ह' नावाचं इंग्रज गलबत पकडलं, तर कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज' या जहाजाने मराठी आरमाराला मागे रेटलं. पण बेटावरचं बांधकाम काही थांबलं नाही. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दीने ठाणं दिलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर मोठी मोहीम पाठवली. तीही अपयशी ठरली.

या कथेत एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. १६७९ मध्ये खांदेरी उभी राहिली, ती काळोखाच्या आधाराने. त्या रात्री बेटावर एखादा मोठा दिवा पेटला असता, तर रसद घेऊन येणाऱ्या होड्या पकडल्या गेल्या असत्या. खडक कुठे, पाणी कुठे उथळ, भरती केव्हा फिरते, हे इथल्या भंडारी आणि कोळी खलाशांना ठाऊक होतं, समोरच्याला नव्हतं. त्यांचं ते ज्ञान हाच किल्ल्याचा पहिला तट होता.

त्याच खांदेरीवर १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभारलं. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देणारं आरमार उरलं नव्हतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बंदरात जहाजांची गर्दी वाढली. याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. ज्याला आज आपण 'फोर्ट' म्हणतो, तिथला फोर्ट तेव्हाच गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकापलीकडच्या खडकावर प्राँग्जचं दीपगृह उभं राहिलं. समुद्रावरून येणाऱ्याची भीती संपली, तेव्हा मुंबईच्या भिंती पडल्या आणि खांदेरीवर दिवा लागला. या दोन्ही घटना एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं मला वाटतं.

दीपगृह ही माणुसकीची खूण आहे, यात शंका नाही. दिवा मित्र-शत्रू पाहत नाही. तो ज्याला दिसेल त्याचा. पण तो कोणासाठी लावला गेला, हेही विसरू नये. तो प्रामुख्याने आगबोटींसाठी आणि व्यापारी जहाजांसाठी लागला. स्थानिक मच्छीमाराला त्याआधीही वाट सापडत होती. आमच्या भागातले जुने मच्छीमार आजही सांगतात, की मागचा जीवदानीचा डोंगर, पुढचं एखादं ठळक झाड किंवा देवळाचं शिखर एका रेषेत धरायचं आणि त्यावरून आपली जागा ओळखायची. अर्नाळ्याचा तटही अशीच एक खूण. दमणहून येणाऱ्याला धाक घालण्यासाठी बांधलेला कोट मासळी घेऊन परतणाऱ्याला घर जवळ आल्याचं सांगतो. खांदेरीवरही कोळ्यांचा वेताळ आहे. तट बांधणारे गेले, दिवा लावणारे गेले, तरी थळच्या बाजूची माणसं होड्या घेऊन त्याच्या दर्शनाला येतच राहिली. पुढे दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं, हेही उचितच झालं.

मनोऱ्यांचं काम असं बदलण्याची उदाहरणं जगात इतरत्रही आहेत. चीनमध्ये वेन्झोऊ शहराजवळ ओऊ नदीत जिआंगशिन नावाचं एक लहानसं बेट आहे. नावाचा अर्थच नदीचं हृदय. त्यावर दोन बौद्ध मनोरे आहेत. पूर्वेकडचा इसवी सन ८६९ मधला, पश्चिमेकडचा ९६९ मधला. पूजेसाठी उभारलेल्या या मनोऱ्यांनी शेकडो वर्षं नदीतून बंदराकडे येणाऱ्या जहाजांना वाट दाखवली. जगातल्या शंभर ऐतिहासिक दीपस्तंभांच्या यादीत त्यांना स्थान मिळालं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेन्झोऊ परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि पुढे बेटावर ब्रिटिश वकिलात आली. मनोऱ्यावर चढून कोणी वकिलातीत डोकावू नये म्हणून पूर्वेकडच्या मनोऱ्याचे आतले जिने आणि बाहेरचे सज्जे काढून टाकायला लावले, असं तिथे सांगतात. आज तो मनोरा आतून पोकळ आहे आणि त्याच्या माथ्यावर झाड उगवलं आहे. सारं बेट आता उद्यान झालं आहे. लोक नावेने जातात, फिरतात, फोटो काढतात. जगाला वाट दाखवणाऱ्या मनोऱ्यावरून कोणी आपल्याला पाहू नये, अशी सत्तेची इच्छा असते. दिवा चालतो, डोळा चालत नाही.

आज आपल्याकडेही मनोऱ्यांचं काम पुन्हा बदलतं आहे. जहाजांना आता उपग्रहांवरून आपली जागा कळते. दीपगृहं बंद झालेली नाहीत. यंत्र बिघडलं तर डोळ्यांना दिसणारा दिवा लागतोच. पण त्यांच्यावरचा भार कमी झाला आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून घोषित करून शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन यांसाठी विकसित करण्याची तरतूद त्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यात खांदेरी आहे. अर्नाळा त्या यादीत नाही, पण त्याचं नाव वेगळ्या वाटेने समुद्रावर गेलं. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला 'आयएनएस अर्नाळा' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका नौदलात दाखल झाली. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ राहून शत्रूचा माग काढणं हे तिचं काम. आमच्या गोल बुरुजाचं कामही यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

हे सगळं अभिमानाचं आहे. पण अर्नाळ्याला गेलं, की आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही. अर्नाळा हे रिकामं बेट नाही. तिथे गाव आहे, ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, कालिकामातेचं देऊळ आहे, दर्गा आहे. माणूस आजारी पडला, तर त्याला होडीत घालून किनाऱ्यावर आणावं लागतं. पावसाळ्यात, उधाणाच्या वेळी, हे किती अवघड असेल याची कल्पना करा. समुद्र दरवर्षी बेटाचा काठ खातो आहे. काठावरची घरं गेली, माड गेले. जिथे पूर्वी अंगण होतं, ती जागा आता पाण्याखाली आहे, असं तिथली म्हातारी माणसं हात करून दाखवतात. उत्तरेला डहाणूजवळ वाढवण इथे मोठं बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. या किनाऱ्यावर पुन्हा एकदा मोठी जहाजं आणि लहान होड्या समोरासमोर येणार आहेत.

बुरूज सत्तेसाठी बांधला गेला, दीपगृह व्यापारासाठी. आता पर्यटनाची पाळी आहे. तिन्ही वेळा बेटावरच्या आणि काठावरच्या माणसाला कोणी विचारलं नाही, असं पुढच्या इतिहासकाराला लिहावं लागू नये. दगडी तट टिकवायला पुरातत्त्व खातं आहे. पण ज्या वाळूवर तो उभा आहे, तिची धूप थांबली नाही तर तट तरी किती दिवस टिकणार? पाहुण्यांसाठी बाकं आणि रंगीत दिवे लावण्याआधी बेटाचा काठ बांधून काढणं, होडीला बाराही महिने लागता येईल असा धक्का आणि आजाऱ्याला वेळेवर मिळणारी होडी, या गोष्टी व्हायला हव्यात. त्या झाल्या, तर पाहुण्यांचीही सोय आपोआप होईल.

आपण अर्नाळ्याला जाल, तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. किल्ल्यात शिरताना दरवाजावरचा शिलालेख थांबून पाहा. तटावरून उत्तरेला वैतरणेचं मुख पाहा, म्हणजे किल्ला इथेच का, हे आपोआप कळेल. गोल बुरुजापर्यंत चालत जा. आणि परतताना होडीवाल्याला एवढंच विचारा, की अंधार पडल्यावर तो घरचा काठ कसा ओळखतो. त्याच्या उत्तरात या किनाऱ्याचा जो इतिहास आहे, तो कोणत्याही शिलालेखावर कोरलेला नाही.